ट्रंकेतलं आणि आण्णांच्या डोक्यातलं

आमच्या किनाऱ्यावर कागदाचं आयुष्य हवेवर ठरतं. दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या आमच्या वाडीत पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि दसऱ्याच्या आसपास जातो, पण हवेतला ओलावा काही जात नाही. कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी होते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, आणि कागद आधी मऊ पडतो, मग घडीवर पिवळा होतो, मग बरोबर त्याच घडीवर फाटतो. त्यातून वाचलाच तर कसर आहे, उंदीर आहेत, वाळवी आहे. वाळवी कडा शाबूत ठेवून आतून खाते. गठ्ठा वरून जसाच्या तसा दिसतो आणि उचलला की हातात माती येते.

जुन्या माणसांनी यावर उपाय केले नव्हते असं नाही. आमच्या घरातली कागदांची हिरवी पत्र्याची ट्रंक माजघरात भिंतीपासून वीतभर लांब, चार विटांवर ठेवलेली आहे. आत वेखंडाचे तुकडे, सुकवलेला कडुलिंबाचा पाला, आणि अलीकडच्या काळात डांबराच्या गोळ्या. कागदांची बोचकी लाल मांजरपाटात बांधलेली. दिवाळीनंतर कोरडं ऊन पडलं की एक दिवस सगळं खळ्यात चटईवर पसरायचं, दुपारी उलटवायचं, तिन्हीसांजेच्या आत परत बांधायचं. किल्ली सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा ती सुटत नाही.

त्या ट्रंकेत काय काय आहे ते सांगायचं तर आधी आमच्याकडची जमीन कशी असते ते सांगावं लागेल. घाटावरच्या माणसाला एक गट नंबर आणि त्यात पाच-सहा एकर असं चित्र डोळ्यासमोर येतं. आमच्याकडे तसं नाही. भाताचं कुणगं एकीकडे, वरकस डोंगर, म्हणजे भात न होणारी हलकी उताराची जमीन, दुसरीकडे, आंब्याची कलमं कातळावर तिसरीकडे आणि नारळी-पोफळीची वाडी घराला लागून. प्रत्येकाचा सर्व्हे नंबर वेगळा, त्यात हिस्सा नंबर वेगळा, क्षेत्र गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर, पण एकर हा शब्द आमच्या घरात कुणी सहसा काढत नाही. आणि प्रत्येक सातबाऱ्यावर नावं मात्र पान भरेल इतकी. पणजोबांच्या नावापासून फांद्या फुटत फुटत आता विरार, डोंबिवली, भांडुप असे सगळीकडे पसरलेले चुलत-चुलत भाऊ, त्यांच्या विधवा, त्यांच्या मुली. जमिनीचा तुकडा रुमालाएवढा आणि हक्कदार लग्नाच्या पंगतीएवढे.

त्यामुळे ट्रंकेत सातबारे आहेत, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आहेत, फेरफारांच्या, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदींच्या, नकला आहेत, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, आणि तळाशी, वेगळ्या फडक्यात, कुळकायद्याचे कागद आहेत. हे आमच्या घराचं खरं धन. आण्णांच्या वडिलांनी खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन मक्त्याने, ठरावीक खंड देऊन, केली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १९४८ च्या कुळकायद्यात पुढे १ एप्रिल १९५७ ही तारीख आली. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारं कूळ कायद्याच्या नजरेत तिचं खरेदीदार ठरलं. कागदावर मात्र ते सोपं नव्हतं. कलम ३२-ग खाली किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, आणि सगळी भरून झाली की ३२-म चा दाखला मिळायचा. हप्त्यांच्या त्या पावत्या आमच्याकडे एकेक जपून ठेवलेल्या आहेत, शाई उडालेली, टाचणी गंजून कागदाला भोक पडलेलं. आण्णा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. हप्ता भरायला वडिलांबरोबर दापोलीला चालत गेल्याचं ते सांगतात.

या सगळ्याशी माझा संबंध आला तो ३ जून २०२० ला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि आमच्याकडे दापोली-मंडणगडलाही त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या हे वाक्य त्यानंतर इतक्या जणांनी लिहिलं की मी लिहीत नाही. आमचे पडवीचे पत्रे गेले, माजघराची अर्धी कौलं गेली, ट्रंक मात्र विटांवर होती म्हणून वाचली. वाचलेल्या ट्रंकेचा उपयोग पंचनाम्याच्या वेळी कळला. पंचनाम्याला सातबारा हवा, आठ-अ हवा, घर कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा हवा, बँकेचं पासबुक हवं, आधार हवं. आणि सामाईक जमीन असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र हवं, म्हणजे पैसे एकाच्या खात्यावर जमा करता येतात. तो टाळेबंदीचा काळ. जमीन इथे, कागद इथे, आणि सह्या करणारे सगळे मुंबईत दाराला कडी लावून बसलेले. वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. कागदाचा फोटो काढून पाठवायचा तर दुचाकीवरून उंच सड्यावर जाऊन मनोऱ्याच्या दिशेने हात वर करायचा.

त्या गडबडीत मला जे जाणवलं ते वादळापेक्षा वेगळंच होतं. कागद होते, पण कुठला कागद कशासाठी, हे एकट्या आण्णांना माहीत होतं. तलाठी विचारायचे, "या सर्व्हे नंबरवर तुमचं नाव इतर हक्कात का आहे, कब्जेदारात का नाही?" (कब्जेदार म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तो, इतर हक्क म्हणजे कूळ, कर्ज असे बाकीचे हक्क.) आणि आम्ही सगळे आण्णांकडे बघायचो. आण्णा डोळे मिटायचे, १९७० च्या आसपासचं काहीतरी आठवायचे, मग म्हणायचे, "त्या बोचक्यात निळ्या शाईचा कागद हाय बघ, तो काढ." आणि तो निघायचा. वाळवी ट्रंकेला लागली तर दिसते तरी. हे दुसरं जे भांडार होतं त्याला ना कुलूप, ना वेखंड, आणि ते ऐंशीकडे झुकलेल्या माणसाच्या डोक्यात होतं.

म्हणून कागद फोनमध्ये घालायचं काम मी हातात घेतलं. घरात याला "वहिनीचं स्कॅनिंग" म्हणतात, पण खरं सांगायचं तर त्यात स्कॅनिंग सगळ्यात किरकोळ आहे.

टिपणं ठेवायचं ॲप कुठलं, यावर माझ्या पुतण्याशी बरीच चर्चा झाली. मी पूर्वी एक नावाजलेलं ॲप वापरायचे. त्यांनी फुकटच्या योजनेत नोंदींवर अशी मर्यादा आणली की आमच्या घरपट्टीच्या पावत्यासुद्धा त्यात मावल्या नसत्या. कंपन्यांनी पैसे मागावेत, त्याला माझी ना नाही. पण तीन पिढ्यांचे कागद ठेवायचे तर उद्या मालक बदलला, दर बदलला, धोरण बदललं तरी आपलं आपल्याला बाहेर काढता आलं पाहिजे. शेवटी जॉपलिन घेतलं. ते मुक्तस्रोत आहे, नोंदी साध्या मजकुरात राहतात, फाइली जोडता येतात, आणि मुख्य म्हणजे सगळं फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष उतरलेलं असतं. इंटरनेट असलं की दोन्हीकडचं जुळवून घेतं, नसलं तरी चालतं. वादळात सड्यावर जाऊन हात वर केलेल्या माणसाला या एका गुणाची किंमत कळते. पुतण्या म्हणाला, "काकी, दिसायला जरा ओबडधोबड आहे." म्हटलं, ट्रंक तरी कुठे देखणी आहे.

फोटो काढायची जागा पडवी, वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. ऊन थेट नको, उजेड हवा, फ्लॅश नको. जुन्या स्टँप पेपरच्या पाठीमागे मुद्रांक विक्रेत्याची नोंद असते, कुणी, कधी, कशासाठी घेतला ती. नोंदणी झालेल्या दस्तावर दुय्यम निबंधकाचे शेरे आणि शिक्के असतात. लोक पुढची बाजू टिपतात आणि पाठ सोडून देतात, म्हणून दोन्ही बाजू टिपायच्या, पाठ कोरी असली तरी. दिराने मुंबईहून सल्ला दिला होता की सरळ सगळं लॅमिनेट करून टाका. मी ऐकलं नाही. लॅमिनेशनच्या उष्णतेत शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि ते परत सोडवता येत नाही. चिकटपट्टीचंही तेच, काही वर्षांनी ती सुकून गळते आणि तपकिरी डाग ठेवून जाते. मूळ कागद साध्या, रुंद पाकिटात, घडी न घालता, पुन्हा ट्रंकेतच. दस्त नोंदवताना किंवा कोर्टात फोनमधला फोटो कुणी मूळ म्हणून घेत नाही, हे आण्णांनी मला आणि मी पुतण्याला अनेकदा सांगितलं आहे.

ओल्या कागदाचा धडा मात्र माहेरून मिळाला. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा भावाच्या घरात ते खिडकीच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर गच्चीत, कठड्यावर, दोरीवर, जिथे बघावं तिथे लोकांचे दाखले आणि पासबुकं वाळत होती. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. संग्रहालयवाले अशा वेळी कागद गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि मग सावकाश एकेक सुटा करून वाळवता येतो. चिपळुणात त्या आठवड्यात फ्रीजच गाळात पडले होते, तेव्हा ते ज्ञान पुस्तकातच राहिलं. भावाच्या लग्नाचा दाखला आणि घराची फाइल एकमेकींना चिकटून एक वीट झाली.

आता मुद्द्याचं. फोटो काढून टाकले की शोधता येईल अशी माझीही समजूत करून दिली गेली होती. छापील मराठी यंत्राला बऱ्यापैकी वाचता येतं. तलाठ्याचं हस्ताक्षर, त्यावरची खाडाखोड, कडेला उभी लिहिलेली ओळ, वर मारलेला जांभळा शिक्का, हे यंत्राच्या बापाला वाचता येत नाही. म्हणजे फोटोखाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिणं भाग आहे. नाहीतर ट्रंकेतला अंधार फोनमध्ये नेऊन ठेवला, एवढंच. त्या चार ओळी काय लिहायच्या हे मला कुठे ठाऊक? ते आण्णांनाच ठाऊक. असं करत करत आमची दुपारची बैठक सुरू झाली. जेवण झालं की आण्णा ओटीवर आडवे व्हायचे, मी शेजारी फोन आणि बोचकं घेऊन. एकेक कागद त्यांच्या हातात द्यायचा. चष्मा लावून ते वाचत नसत, आधी बोटाने चाचपत. मग सांगायला लागत.

सुरुवातीला मी आवाजावरून टंकायचा मराठी पर्याय चालू केला. आण्णा बोलतील, फोन लिहील, मी पान सुपारी बघेन. फोनने "वरकस जमीन"चं "सर्कस जमीन" केलं. आण्णांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "राहू दे, खोटं नाय." तेव्हापासून मी हातानेच लिहिते, पण त्या डोंगराच्या नोंदीवर सर्कस हा टॅग आम्ही मुद्दाम ठेवला आहे.

या बैठकींत निघालं ते असं. एक साधा, पेन्सिलने खरडलेला वहीचा कागद मी टाकायला काढला होता. आण्णांनी हात धरला. "फेकू नको गो बाय, ह्यात वाटेचं लिवलाय." शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याने, आमच्या वाडीतून विहिरीवर जायची वाट आम्ही सोडली तर त्यांच्या कलमांतून गाडीवाट द्यायची, असं कबूल केलं होतं, त्याची ती चिठ्ठी. सही नाही, अंगठा आहे. कायद्याच्या दृष्टीने तिची किंमत काय ते वकील सांगतील, पण आज दोन्ही घरं ज्या वाटेने जातात ती कुठून आली ते त्या चिठ्ठीशिवाय कळत नाही. नोंदीखाली मी लिहिलं: कोण, कुणाला, साधारण कधी, त्या वेळी तिथे कोण हजर होतं, त्यातलं आज कोण आहे. शेवटची ओळ नेहमी एकच: "हे आण्णांनी सांगितलं", आणि तारीख.

जुने सातबारे नीट बघायला लागल्यावर मला गंमत वाटली. आम्ही ॲपमध्ये एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे दुवे देत होतो आणि पुतण्या मला ती कल्पना अगदी नवी असल्यासारखी समजावत होता. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. तो धरून गाव नमुना सहामध्ये गेलं की कळतं, हे नाव कधी लागलं, वारसाने की खरेदीने की वाटपाने. ज्याचं नाव कमी झालं त्याला कंस. म्हणजे खोडलेलंही दिसत राहतं. महसूल खात्यातल्या कुणी शहाण्या माणसाने कितीतरी आधी हे सगळं जोडून ठेवलं आहे, फक्त एक टोक एका दप्तरात आणि दुसरं टोक दुसऱ्या दप्तरात. मी आमच्या घरापुरती ती टोकं एकत्र आणली. सातबाऱ्याच्या नोंदीत प्रत्येक गोलाचा आकडा लिहिला, त्याला त्या फेरफाराच्या नोंदीचा दुवा दिला, आणि ज्या फेरफाराची नक्कल आमच्याकडे नाही त्याची मोकळी नोंद करून "आणायची" असा टॅग लावला. या एका टॅगमुळे दापोलीला जाणं अंदाजपंचे राहत नाही.

आता कुणी म्हणेल, सातबारा तर संगणकावर मिळतो. मिळतो. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो, त्यावर तलाठ्याची सही लागत नाही, आणि मी याला खरोखर मोठी सोय मानते. तलाठ्यांच्या पदाचंही नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, तरी वाडीत तलाठीच म्हणतात. पण आजचा उतारा आजची परिस्थिती सांगतो. हाताने लिहिलेल्या जुन्या बाराच्या तक्त्यात त्या वर्षी कुणग्यात काय होतं, भात की नाचणी की पड, ते ओळीने दिसतं. इतर हक्कात तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा, एक बोजा दिसतो, जो आजोबांनी फेडला होता आणि कमी करायचा राहिला होता. फेडल्याची पावती सापडली ती तिसऱ्याच बोचक्यात, रेशनकार्डांच्या मधोमध.

मांडणीबद्दल थोडं. आधी मी कचेरीसारखे कप्पे केले होते: जमीन, घर, माणसं, बाग. ते आजही आहेत. पण घरात कागद कधी कप्प्याने मागितला जात नाही, तो प्रसंगाने मागितला जातो. आंब्याचा फळपीक विमा भरायचा आहे. पुतणीचा जातीचा दाखला काढायचा आहे. कुणी वारलं, वारसनोंद घालायची आहे. विजेचं कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करायचं आहे. मग प्रसंगांच्या वेगळ्या नोंदी झाल्या. "वारसनोंद" उघडली की आत मृत्यूचा दाखला, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रत्येकाकडे दुवा. खाली गेल्या वेळी काय अडलं होतं तेही. "वादळ" नावाची नोंद आहे, तिच्यात पंचनाम्याचे सगळे कागद, झाडांची यादी, कोरं संमतीपत्र, आणि मे महिन्यात काढलेले घराचे चारी बाजूंचे फोटो. ते दर वर्षी आगोटीच्या कामांत काढायचे: कौलं चाळून झाली, लाकडं भरून झाली, की फोटो.

नावं देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. तसं केलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. आकड्यांचं एक दुखणं मात्र लक्षात ठेवावं लागतं. मराठी अंकांत लिहिलेला सर्व्हे नंबर इंग्रजी अंकांत शोधला तर यंत्राला तो दुसराच आकडा वाटतो. सरकारी उताऱ्यावर एकदा हे, एकदा ते. मी दोन्ही लिहिते. सर्व्हे, सर्वे, स.नं. हे तिन्ही लिहिते. शोधणारा माणूस कुठल्या शाळेत शिकलाय ते आपल्याला थोडंच माहीत असतं.

बाकी रोजच्या कागदांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वीजबिलाचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर, पंपाची वॉरंटी, हे एकदा लिहून ठेवलं की सुटलं. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या मात्र आणल्या त्याच दिवशी टिपायच्या. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळं झालेलं असतं, आणि आमच्या उन्हाळ्यात पंपाची पावती वॉरंटीच्या आधी कोरी होते.

आधार, पॅन यांच्यासाठी मी डिजिलॉकर, हे सरकारी कागदपत्रांचं ॲप, वापरते. तिथे एक भेद आहे जो गावात फार कमी लोकांना ठाऊक आहे. खात्याकडून थेट तिथे आलेला दाखला कायद्याने मुळासारखा धरला जातो. आपण स्वतः चढवलेला फोटो हा फोटोच राहतो. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर लोक आधारकार्डं वाढदिवसाच्या केकच्या फोटोंमध्ये टाकत असत. आता निदान पहिले आठ आकडे झाकलेलं आधार टाकतात. जॉपलिनमधून जुळवणीसाठी इंटरनेटवर जाणारं सगळं कुलूपबंद करायची सोय आहे, आणि त्या कुलपाचा परवलीचा शब्द हरवला तर तो कुणीही काढून देऊ शकत नाही. म्हणून तो एका कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला, आणि पाकीट कुठे ठेवलं असेल ते सांगायला नको. आण्णा त्यावर बराच वेळ हसत होते.

हसत होते, पण एक गोष्ट त्यांना आवडलेली नाही, हे मला आधीपासून दिसत होतं. ट्रंकेची किल्ली ज्याच्याकडे, त्याचा शब्द भावकीत शेवटचा. गणपतीत चाकरमानी आले की गौरीजेवणानंतरच्या दुपारी ओटीवर विषय निघायचाच: माझं नाव लागलंय ना, वडिलांचा हिस्सा किती आणे, त्या कातळाचं काय झालं. आण्णा उठायचे, किल्ली सोडायचे, हवा तो कागद आणायचे, दाखवायचे, परत ठेवायचे. बाकीचं बोचकं कुणी बघितलेलं नसायचं आणि बघायला मागायची रीत नव्हती. त्यात लबाडी नव्हती. आण्णांनी कुणाचं गुंठाभरही दाबलेलं नाही, हे मी सगळे कागद वाचून सांगते. पण विचारायला यावं लागत होतं. आता लॅपटॉपवरून सगळ्या नोंदींची पीडीएफ काढून भांडुपला बसलेल्या दिराला एका क्षणात धाडता येते. मी तशी परवानगी विचारली तेव्हा आण्णा म्हणाले, "धाड की. मग हितं येतील कशाला?" मी म्हटलं, गणपतीला येतील. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, धाड म्हणून, फक्त सांगितलेलं सगळं त्यात घालू नको.

हा प्रश्न मला कागदापेक्षा अवघड गेला. आण्णा सांगताना केवळ वाटा आणि बांध सांगत नाहीत. कुणी कुणाला फसवलं, कुणाच्या लग्नासाठी कुठली कलमं गहाण पडली, कुणाच्या बायकोचे दागिने कुठल्या हप्त्यात गेले, हेही ओघात येतं. त्या माणसांची नातवंडं आज माझ्या मुलांबरोबर क्रिकेट खेळतात. असं काही आलं की मी फोन खाली ठेवते. जे जमिनीच्या कागदाला लागू आहे तेवढं लिहायचं, माणसाच्या अब्रूचं लिहायचं नाही, अशी माझी आखणी. ती नेहमी जमते असं नाही, कारण इथे अब्रू बऱ्याचदा बांधावरच असते.

गेल्या गणपतीच्या आधी पीडीएफ सगळ्यांना पाठवली. दिरांनी अंगठा पाठवला. चुलतदिरांनी शुद्धलेखन दाखवलं. उत्तर आलं ते नणंदेकडून, डोंबिवलीहून, लांबलचक आवाजी निरोप. घरातल्या मुलींनी फार पूर्वी हक्कसोडपत्र करून दिलं आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी कायद्यातली देशपातळीवरची दुरुस्ती २००५ ची, हे त्याच्या बरंच आधीचं. त्या नोंदीखाली मी आण्णांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, "तिन्ही बहिणींनी राजीखुशीने सोडलं, कोर्टकचेरी नको म्हणून." वन्सं म्हणाल्या, "वहिनी, सही माझीच आहे, त्याला माझी तक्रार नाही. जमीन मला नको. पण राजीखुशीने असं आण्णांनी सांगितलं ना, तसं नव्हतं. आम्हाला दापोलीला साडी घ्यायला नेतो म्हणून नेलं होतं. साडी घेतली, हेही लिही. चांगली होती. पण आधी सही होती."

मी तो निरोप आण्णांना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला, मध्ये थांबवलं नाही. मग म्हणाले, साडी नव्हे, तिघींना मिळून लुगडी आणि वर रोख दिली होती, आणि ती विसरली. मी विचारलं, मग काय लिहू. "तिचं तिच्या नावानं लिव. माझं माझ्या."

तसंच ठेवलं आहे. हक्कसोडपत्राचा फोटो, दोन्ही बाजू. खाली आण्णांचं सांगणं, तारीख. त्याखाली वन्संचं सांगणं, तारीख, तो आवाजी निरोप फाइल म्हणून जोडलेला. रोख किती ते दोघांनाही आठवत नाही. धाकट्या दोन नणंदांना विचारायचं आहे. एक येत्या शिमग्याला येते म्हणाली आहे, दुसरीचा फोन लागला की लिहीन.